‘जमीन संपादित करण्यात आली आहे’ : इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळी कर्मणी रचना आणि पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्ट्याचा दस्तऐवजी इतिहास

सारांश

इंग्रजीच्या पूर्ण वर्तमानकाळातील कर्मणी रचना (‘हॅज बीन’ + भूतकाळवाचक धातुसाधित) शालेय व्याकरणात केवळ प्रयोगबदलाचा एक प्रकार म्हणून शिकविली जाते. प्रत्यक्षात ही रचना व तिचा मराठी प्रतिरूप ‘करण्यात आले आहे’ ही आधुनिक प्रशासनाची आणि उद्योगव्यवस्थेची प्रमुख वाक्यरचना आहे. या रचनेत कर्ता व काल हे दोन्ही घटक व्याकरणाला धक्का न लावता गाळता येतात. पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील भूमिसंपादन, त्यासंबंधीचे कायदे, न्यायनिर्णय आणि कारखान्यांतील नोंदी यांच्या आधारे या रचनेचा ऐतिहासिक प्रवास प्रस्तुत निबंधात तपासला आहे.

१. प्रस्तावना

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगताना काही वाक्ये वारंवार आढळतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना करण्यात आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन करण्यात आले. नगरपालिका १९७० मध्ये आणि महानगरपालिका १९८२ मध्ये अस्तित्वात आली. त्यासाठी परिसरातील जमिनी संपादित करण्यात आल्या. ही सर्व विधाने खरी आहेत. तथापि, त्यांपैकी शेवटचे विधान इतरांहून वेगळे आहे. पहिल्या तीन विधानांत वर्ष आहे. शेवटच्या विधानात वर्षही नाही आणि कर्ताही नाही. जमीन कोणी घेतली, कोणत्या कायद्याने घेतली, कोणत्या दिवशी घेतली आणि मोबदला कोणाच्या हाती पडला, हे प्रश्न त्या वाक्यात उपस्थितच होत नाहीत.

ही उणीव लेखकांच्या निष्काळजीपणातून आली, असे म्हणणे पुरेसे नाही. वाक्यरचनाच तशी मुभा देते. म्हणून या रचनेचा अभ्यास भाषेच्या विद्यार्थ्याइतकाच इतिहासाच्या, वाणिज्याच्या आणि विधीच्या अभ्यासकालाही आवश्यक ठरतो. प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (अ) इंग्रजी व मराठी भाषांतील या रचनेची घडण स्पष्ट करणे, (आ) औद्योगिक पट्ट्याच्या कायदेशीर व कार्यालयीन दस्तऐवजांत तिने बजावलेली भूमिका तपासणे, (इ) महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने त्यातून निघणारे निष्कर्ष मांडणे.

२. दोन भाषांतील घडण

इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळ ‘हॅव’ म्हणजे ‘जवळ असणे’ या क्रियापदापासून घडला. ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या स्थितीत आहे’ अशा अर्थाची प्राचीन रचना हळूहळू ‘मी पत्र लिहिले आहे’ या अर्थास पोहोचली. कर्मणी प्रयोग ‘असणे’ व ‘होणे’ या अर्थाच्या क्रियापदांपासून वेगळ्या मार्गाने आला. या दोहोंचा संयोग, म्हणजे ‘हॅज बीन’ युक्त कर्मणी रूप, मध्ययुगीन इंग्रजीत रुळला. या रूपाची दोन वैशिष्ट्ये प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले, कर्मणी प्रयोगामुळे कर्ता ऐच्छिक होतो. ‘बाय’ या शब्दयोगी अव्ययाने तो जोडता येतो, परंतु जोडलाच पाहिजे असे नाही. दुसरे, पूर्ण वर्तमानकाळ निश्चित भूतकालदर्शक शब्द स्वीकारत नाही. ‘द लँड वॉज अक्वायर्ड इन १९७२’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘द लँड हॅज बीन अक्वायर्ड इन १९७२’ हे अशुद्ध आहे. याचा अर्थ असा की, कर्मणी प्रयोगात कर्ता गाळता येतो आणि पूर्ण वर्तमानकाळात तारीख गाळावीच लागते. शिल्लक राहते ती केवळ आजची स्थिती : जमीन संपादित झालेली आहे.

मराठीचा इतिहास याच्या उलट दिशेने गेला. मराठीतील पूर्णकाळ संस्कृतमधील कर्मणी भूतकालवाचक धातुसाधितापासून आला आहे. ‘त्याने जमीन दिली आहे’ या वाक्यात क्रियापदाचे लिंग व वचन कर्त्याप्रमाणे नसून कर्माप्रमाणे चालते, याचे कारण हेच. म्हणजे मराठीचा पूर्णकाळ मुळातच कर्मणी आहे. मात्र त्यात कर्ता तृतीया विभक्तीत आपल्या जागी ठामपणे उभा असतो. प्राचीन मराठीत ‘करिजे’, ‘बोलिजे’ अशी स्वतंत्र कर्मणी रूपेही होती; ती पुढे मागे पडली. दादोबा पांडुरंग यांचे व्याकरण १८३६ मध्ये आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे रूढ झालेल्या व्याकरणपरंपरेत ‘रामाकडून रावण मारला गेला’ या प्रकारच्या रचनेला ‘नवीन कर्मणी’ असे नाव मिळाले आणि तिचा संबंध इंग्रजी प्रयोगाशी जोडला गेला.

कार्यालयीन मराठीत मात्र ‘मारला गेला’ या रूपापेक्षा ‘करण्यात आले’ हे रूप अधिक रुजले. या रूपाचे व्याकरण लक्षणीय आहे. ‘शासनाने जमीन संपादित केली’ हे वाक्य शुद्ध आहे. ‘शासनाने जमीन संपादित करण्यात आली’ हे अशुद्ध आहे. ‘ने’ प्रत्ययान्त कर्ता या रचनेत बसत नाही. त्याला आणायचेच असेल तर ‘शासनाकडून’ किंवा ‘शासनातर्फे’ असे आडमार्गाने आणावे लागते. अशा रीतीने ज्या भाषेच्या पूर्णकाळात कर्ता अंगभूत होता, त्याच भाषेने कर्त्याला सहज सामावून न घेणारी एक रचना राज्यव्यवहारासाठी स्वीकारली.

३. सनदेपासून राजपत्रापर्यंत

इंग्रजी अंमलापूर्वीच्या जमीनविषयक दस्तऐवजांची तुलना येथे उद्बोधक ठरते. त्यासाठी या पट्ट्याबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. मोरया गोसावी यांच्या परंपरेतील चिंचवडच्या देव घराण्याला मराठेशाहीत इनामे मिळाली. या घराण्याचा व राज्यसत्तेचा संबंध लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तपशीलवार अभ्यासला आहे. मराठेशाहीतील इनामपत्रांचा रूढ साचा पाहिल्यास त्यात आरंभी कालनिर्देश, त्यानंतर देणारा व घेणारा यांचा नामनिर्देश आणि शेवटी ‘इनाम करून दिल्हे असे’ यासारखे क्रियापद येते. ‘दिल्हे असे’ हाही पूर्ण वर्तमानकाळच आहे. मात्र त्यात देणारा कोण आणि कधी दिले, हे दोन्ही स्पष्ट असते. कारण दानाची वैधता देणाऱ्याच्या अधिकारावरच अवलंबून असे. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने हक्कांची छाननी केली, तेव्हा त्या छाननीतही देणाऱ्याचा अधिकार व वहिवाटीचा काल हेच कळीचे मुद्दे होते.

इंग्रजी राजवटीत जमीन देण्यापेक्षा घेण्याचे दस्तऐवज अधिक महत्त्वाचे झाले. १८५७, १८७० व १८९४ या वर्षांच्या कायद्यांनी सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने जमीन घेण्याची पद्धत घालून दिली. पुणे जिल्ह्याला या पद्धतीचा तीव्र अनुभव १९२१ नंतरच्या मुळशी सत्याग्रहात आला. स्वातंत्र्यानंतर कायदा तोच राहिला, भाषा मात्र बदलू लागली. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये महाराष्ट्र राजभाषा अधिनियम संमत झाला आणि इंग्रजी मसुद्यांना मराठी प्रतिशब्द व प्रतिवाक्ये देण्याचे मोठे कार्य हाती घेतले गेले. या कार्यामुळे सामान्य नागरिकाला शासनाशी स्वभाषेत व्यवहार करणे शक्य झाले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु इंग्रजी टिप्पणीतील ‘इट हॅज बीन डिसायडेड’ मराठीत ‘असे ठरविण्यात आले आहे’ होऊन आले, तेव्हा निर्णय घेणारा मराठीतही अदृश्यच राहिला.

४. औद्योगिक पट्ट्यातील कायद्यांची क्रियापदे

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मूळ कायद्यांची भाषा सरसकट कर्ताहीन नाही. १८९४ च्या कायद्याच्या कलम १६ मध्ये जिल्हाधिकाऱ्याने निवाडा केला असता तो ताबा घेऊ शकेल आणि त्यानंतर जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन शासनाकडे निहित होईल, अशी तरतूद होती. इंग्रजी मूळ वाक्यात निवाडा ‘केला आहे’ हे क्रियापद पूर्ण वर्तमानकाळी, पण कर्तरी आहे, कर्ता जिल्हाधिकारी. तारखेलाही कायद्यात निर्णायक स्थान होते. कलम ४ ची अधिसूचना ज्या दिवशी प्रसिद्ध होईल, त्या दिवसाचा बाजारभाव कलम २३ नुसार भरपाईसाठी धरला जाई. १९८४ च्या दुरुस्तीने, घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा न झाल्यास कार्यवाही व्यपगत होईल, असे बंधन घातले.

औद्योगिक क्षेत्रांसाठी स्वतंत्र मार्ग होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ च्या कलम ३२ अन्वये राज्य शासन राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून जमीन संपादित करू शकते आणि प्रसिद्धीच्या दिनांकापासून ती शासनाकडे निहित होते. १९६० च्या दशकात टेल्को व बजाज यांसारख्या उद्योगांनी पिंपरी व आकुर्डी परिसराचे रूप बदलले. १४ मार्च १९७२ रोजी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि निवासी नगररचनेसाठी आकुर्डी, निगडी, वाल्हेकरवाडी, भोसरी, मोशी, रावेत आदी गावांच्या जमिनी त्याच्या कक्षेत आल्या. चाकण परिसरात महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, सावरदरी, वराळे अशा खेड तालुक्यातील गावांत औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र टप्प्याटप्प्याने विस्तारले. २००९ मध्ये तेथे फोक्सवॅगनच्या कारखान्याचे उद्घाटन झाले.

यावरून असे दिसून येते की, एकाच पट्ट्यातील ‘संपादित’ जमिनींमागे भिन्न कायदे, भिन्न अधिकारी आणि भिन्न दिनांक आहेत. व्यवहारात मात्र सर्वांसाठी एकच वाक्य वापरले जाते. त्याचा परिणाम केवळ शैलीपुरता मर्यादित राहत नाही. प्राधिकरणाने १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा प्रश्न अनेक दशके चर्चेत राहिला. या प्रश्नात परताव्याचा दावा संपादनाच्या वर्षाशी बांधलेला आहे. पुढे २०२१ मध्ये प्राधिकरण पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात विलीन झाले. ‘जमीन संपादित करण्यात आली आहे’ हे वाक्य विलीनीकरणापूर्वीही खरे होते व नंतरही खरे राहिले. परंतु दाद मागायची कोणाकडे, या प्रश्नाचे उत्तर मात्र बदलले. कर्ता ज्या वाक्यात कधी लिहिलाच गेला नव्हता, त्यात तो बदलल्याचेही दिसत नाही.

महसुली नोंदवहीत मात्र ही माहिती टिकून राहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद, हितसंबंधितांना सूचना आणि प्रमाणन अशी पद्धत आहे. सातबाऱ्यावर दिसते ते अंतिम स्थितीचे वर्णन; फेरफारात दिसते ती घटना, तिचा क्रमांक, दिनांक आणि प्रमाणित करणारा अधिकारी. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर सातबारा पूर्ण वर्तमानकाळ आहे आणि फेरफार हा साधा भूतकाळ आहे.

५. तीन क्रियापदे आणि दोन निर्णय

या रचनेचे व्यावहारिक सामर्थ्य सर्वाधिक स्पष्ट झाले ते २०१३ च्या नव्या भूमिसंपादन कायद्यामुळे. उचित भरपाई व पारदर्शकतेचा हक्क देणारा हा कायदा १ जानेवारी २०१४ रोजी अमलात आला व १८९४ चा कायदा निरसित झाला. जुन्या कायद्याखालील अपूर्ण प्रकरणांसाठी कलम २४(२) मध्ये तरतूद करण्यात आली. तिचा आशय असा : जुन्या कायद्याखालील निवाडा नवा कायदा सुरू होण्यापूर्वी पाच किंवा अधिक वर्षे आधी करण्यात आला असेल, परंतु जमिनीचा प्रत्यक्ष ताबा घेण्यात आला नसेल किंवा भरपाई देण्यात आली नसेल, तर कार्यवाही व्यपगत झाली असे मानले जाईल. इंग्रजी मूळ पाठात ‘हॅज बीन मेड’, ‘हॅज नॉट बीन टेकन’ आणि ‘हॅज नॉट बीन पेड’ अशी तीन क्रियापदे आहेत. तिन्ही पूर्ण वर्तमानकाळातील कर्मणी रूपे आहेत आणि तिन्हींत कर्ता अनुक्त आहे.

या तरतुदीचा अर्थ लावणारा प्रारंभीचा महत्त्वाचा निर्णय पुणे महानगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०१४ रोजी दिला. त्या प्रकरणात निवाडा २००८ मध्ये झाला होता आणि भरपाईची रक्कम शासकीय कोषागारात जमा करण्यात आली होती. प्रश्न असा होता की, कोषागारात ठेवलेली रक्कम ‘देण्यात आली आहे’ असे म्हणता येईल काय? कर्मणी वाक्यात देणारा नमूद नव्हता आणि कोणाला द्यावयाचे तेही नमूद नव्हते. न्यायालयाने जुन्या कायद्याच्या कलम ३१ कडे वळून ही रिकामी जागा भरली : रक्कम भूधारकास देऊ करणे आणि त्याने न स्वीकारल्यास ती न्यायालयात जमा करणे आवश्यक आहे, कोषागारातील जमा म्हणजे प्रदान होत नाही. संपादन व्यपगत ठरले आणि देशभरातील अनेक प्रकरणांत या निर्णयाचा आधार घेतला गेला.

६ मार्च २०२० रोजी इंदूर विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने वेगळा अर्थ लावला. ताबा घेतलेला नसणे आणि भरपाई दिलेली नसणे या दोन्ही अटी एकत्र पूर्ण झाल्या तरच कार्यवाही व्यपगत होईल, म्हणजे तेथील ‘किंवा’ हा शब्द ‘आणि’ या अर्थाने वाचावा. भरपाई देऊ केली असता देण्याचे दायित्व पूर्ण होते, न्यायालयात जमा न केल्याने कार्यवाही व्यपगत होत नाही. आणि पंचनाम्याने घेतलेला ताबा हा प्रत्यक्ष ताबाच होय, असे पीठाने ठरविले. पुणे महानगरपालिकेचा निर्णय व त्याचे अनुसरण करणारे निर्णय रद्दबातल ठरविण्यात आले. तसेच कलम २४ हे १ जानेवारी २०१४ रोजी प्रलंबित असलेल्या कार्यवाहींना लागू होते, असेही स्पष्ट झाले. पूर्ण वर्तमानकाळातील ‘वर्तमान’ म्हणजे नेमका कोणता दिवस, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने न्यायालयाला द्यावे लागले.

दोन्ही निर्णयांच्या गुणदोषांची चर्चा विधिशास्त्राचा विषय आहे. भाषाभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, तेच तीन शब्दसमूह सहा वर्षांच्या अंतराने परस्परविरोधी परिणाम देऊ शकले. आणि दोन्ही वेळा वादाचा मोठा भाग कोणी, कोणाला, केव्हा या अनुक्त घटकांभोवती फिरला.

६. कारखान्यातील कागद

जमिनीवर कारखाना उभा राहिल्यानंतरही ही रचना तेथेच राहिली. केवळ तिचे क्षेत्र बदलले. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ ने प्रमाणित स्थायी आदेश इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत फलकावर लावण्याचे बंधन घातले होते. त्यामुळे पिंपरी-चिंचवडच्या सूचनाफलकांवर इंग्रजी कर्मणी वाक्य व त्याचे मराठी रूपांतर शेजारी शेजारी आले.

पुढील टप्पा गुणवत्ता प्रणालींचा. आयएसओ ९००० मालिका १९८७ मध्ये, वाहन उद्योगासाठीचे क्यूएस ९००० हे १९९४ मध्ये व आयएसओ/टीएस १६९४९ हे १९९९ मध्ये आले. २०१६ मध्ये त्याची जागा आयएटीएफ १६९४९ ने घेतली. वाहनकंपन्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या भोसरी-चाकणच्या लघु व मध्यम उद्योगांत या प्रणालींमुळे लेखी नोंदींचे प्रमाण वाढले. या नोंदींतील प्रातिनिधिक वाक्य म्हणजे ‘करेक्टिव्ह ॲक्शन हॅज बीन टेकन’, अर्थात ‘सुधारात्मक कार्यवाही करण्यात आली आहे’.

परंतु याच प्रणालींनी या वाक्याची मर्यादाही ओळखली, हे नमूद केले पाहिजे. ग्राहकाच्या तक्रारीवरील आठ टप्प्यांच्या अहवालात किंवा कृतिआराखड्यात कार्यवाहीच्या रकान्याशेजारी सर्वसाधारणपणे ‘जबाबदारी’ व ‘दिनांक’ असे आणखी दोन रकाने असतात. वाक्याने जे गाळले, ते तक्ता परत मागतो. केवळ ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ एवढे लिहून दोन रकाने रिकामे ठेवले तर नोंद अपूर्ण ठरते. सातबारा व फेरफार यांच्यातील संबंध येथे वेगळ्या रूपात पुन्हा दिसतो.

७. अध्यापनविषयक विचार

महाराष्ट्रातील इंग्रजी अध्यापनात भाषांतर पद्धतीची परंपरा दीर्घ आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर अनेक पिढ्या वाढल्या. या परंपरेत प्रयोगबदल हा नियमबद्ध रूपांतराचा भाग ठरला : कर्म आरंभी आणा, ‘हॅज बीन’ किंवा ‘हॅव बीन’ योजा, धातुसाधित लावा, ‘बाय’ सह कर्ता शेवटी ठेवा. परीक्षेच्या दृष्टीने ही पद्धत उपयुक्त असली तरी तिच्यात दोन दोष संभवतात. एक, कर्ता केव्हा ठेवावा व केव्हा गाळावा, हा प्रश्न तिच्यात येतच नाही. दोन, मराठीत ‘ही जमीन १९७२ साली संपादित करण्यात आली आहे’ हे वाक्य स्वाभाविक असल्यामुळे विद्यार्थी इंग्रजीतही ‘हॅज बीन’ सोबत वर्ष लिहितो. ही चूक दोन भाषांच्या कालव्यवस्थेतील खऱ्या फरकातून उद्भवते. तो फरक उलगडून दाखविल्याशिवाय ती दूर होणार नाही.

कर्मणी प्रयोग टाळावा असा उपदेश येथे अभिप्रेत नाही. कर्ता अज्ञात असेल, अनेक असतील किंवा कर्मच चर्चेचा विषय असेल, तर हा प्रयोग योग्यच आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात व यंत्रदुरुस्तीच्या नोंदीत तो आवश्यकही असतो. विद्यार्थ्याला निवड करता यावी, एवढीच अपेक्षा आहे. त्यासाठी परिसरातील राजपत्र-सूचना, फेरफार नोंदी व गुणवत्ता अहवालांचे नमुने वर्गात वापरता येतील. प्रत्येक ‘हॅज बीन’ वाक्यापुढे कोणी, कोणासाठी आणि केव्हा हे प्रश्न लिहून उत्तरे त्याच दस्तऐवजात शोधण्याचा अभ्यास इंग्रजी, इतिहास व वाणिज्य विभागांना एकत्र घेता येईल.

८. निष्कर्ष

१) इंग्रजीतील पूर्ण वर्तमानकाळी कर्मणी रचना कर्ता गाळू देते आणि निश्चित भूतकाल नाकारते, मराठीतील ‘करण्यात आले आहे’ ही रचना तारीख स्वीकारते, परंतु ‘ने’ प्रत्ययान्त कर्त्याला जागा देत नाही.

२) मराठीचा मूळ पूर्णकाळ व मराठेशाहीतील इनामपत्रांचा साचा यांत कर्ता व काल स्पष्ट असत. त्यांची अनुपस्थिती हा भाषेचा स्वभाव नसून राज्यव्यवहाराच्या भाषांतरातून दृढ झालेली सवय आहे.

३) पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील भूमिसंपादन भिन्न कायद्यांनी, भिन्न काळी झाले. एकाच कर्मणी वाक्यात ते सामावल्यास भूधारकांच्या हक्कांतील फरक नजरेआड होतो.

४) कलम २४(२) वरील २०१४ व २०२० च्या निर्णयांवरून असे सिद्ध होते की, अनुक्त कर्ता व काल यांची रिकामी जागा शेवटी कोणालातरी भरावी लागते. ती मसुदा लिहिणाऱ्याने भरली नाही तर न्यायालय भरते, आणि तोपर्यंतची वर्षे भूधारक व संपादन करणारी संस्था या दोघांचीही खर्ची पडतात.

५) औद्योगिक पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी उद्या अशीच वाक्ये लिहिणारे कर्मचारी होतील, आणि त्यांपैकी काहींच्या घरी अशाच वाक्याची नोटीस यापूर्वी येऊन गेलेली असेल. या दोन्ही भूमिकांसाठी त्यांना सिद्ध करणे हे भाषाशिक्षणाचे कार्य आहे.